दाराच्या रंगाचे पोपडे निघतायत? नवीन हात मारण्याआधी हे समजून घ्या



पेंटिंगच्या छोट्या कामांवरचा व्हिडिओ पाहून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "सर, भिंतीचं काम जमतं, पण दारं रंगवली की काही महिन्यांत पोपडे निघतात आणि गिऱ्हाईक परत बोलावतं. चुकतंय कुठे?" व्हिडिओत हात कसा चालवायचा ते दाखवता येतं. पण कारणं आणि पैशांचा हिशेब शांतपणे वाचावा लागतो, म्हणून हा लेख.

आधी माझी फजिती सांगतो.

सात दारं आणि एक चिकटपट्टी

मी कामं घ्यायला सुरुवात केली तेव्हाची गोष्ट. डोंबिवलीत एका टू बीएचकेमधली सात दारं रंगवायची होती, गणपतीच्या आधी. दाराला 1,100 रुपये ठरले, म्हणजे एकूण 7,700. जुना रंग चकचकीत ऑइल पेंट होता, दिसायला ठीकठाक. मी ओल्या फडक्याने दारं पुसली आणि वासाचा त्रास नको म्हणून वर पाण्यातल्या रंगाचे दोन हात मारले. चार दिवसांत काम संपलं. दारं सुंदर दिसत होती. सामानाचे 3,000 आणि मदतनिसाचे 2,800 वजा जाऊन माझ्या हातात 1,900 उरले. मी खूश.

गणपती उठल्यावर फोन आला. काकूंनी सजावटीच्या माळा दारांना चिकटपट्टीने लावल्या होत्या. पट्टी काढली तर तळहाताएवढा रंग सोबत आला. मी गेलो तेव्हा काकू रागावल्या नाहीत. फक्त एवढंच म्हणाल्या, "दादा, रंग दाराला लावला होता की टेपला?"

सातही दारं मी फुकट परत केली. सगळा नवा रंग खरवडायचा होता, म्हणून सहा दिवस लागले. मदतनिसाचे 4,200 आणि सामान 3,300, असे 7,500 गेले. पहिल्यांदा मिळालेले 1,900 त्यातून वजा करा. 5,600 रुपयांचा खड्डा, आणि माझी दहा दिवसांची मेहनत बिनपगारी. रक्कम जुनी आहे, पण धडा आजही तोच आहे: रंग खालच्या थराला धरून बसतो. खालचा थर तयार नसेल तर महागातला महाग डबाही उपयोगाचा नाही. आणि ती तयारी तुमच्या दरात धरलेली नसेल, तर ती तुमच्या हातून होणारही नाही.

पोपड्याची पाठ वाचायला शिका

दार बघायला गेलात की लगेच फुटपट्टी काढू नका. आधी एक सुटा पोपडा अलगद काढा आणि उलटा करून बघा. कारण त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं.

1. पाठ गुळगुळीत, आणि खाली जुना रंग चकाकतोय. हीच माझी चूक. चकचकीत ऑइल पेंट काचेसारखा असतो. त्याला पॉलिश पेपर मारून खरखरीत केलं नाही तर वरचा थर नुसता बसलेला असतो, धरलेला नसतो.

2. पाठीवर लाकडाचा भुसा, खाली उघडं लाकूड. दोन शक्यता: प्रायमर लावलाच नव्हता, किंवा आतून ओल आली. लाकूड ओल घेतं, फुगतं, सुकलं की आकसतं. वरचा रंग या हालचालीत सुटतो.

3. पाठीवर पांढरी भुकटी. म्हणजे पुट्टीने दगा दिला. जुने पेंटर हिला लांबी म्हणतात. बरेचदा भिंतीची उरलेली सिमेंटची पुट्टी दाराला फासलेली असते. ती कडक असते, लाकडाबरोबर हलत नाही, तडकते. शिवाय ती क्षारयुक्त असते आणि क्षाराने ऑइल पेंटची पकड खराब होते. भिंतीची पुट्टी भिंतीलाच. दाराला लाकडाची पुट्टीच वापरा.

4. फक्त हँडलभोवती किंवा स्वयंपाकघराच्या बाजूने सुटलाय. हाताचं तेल, फोडणीची वाफ, चिकट धूळ. तेलकट थरावर रंग धरत नाही. दारावर जुनी स्टिकरं असतील तर त्यांचा डिंकही तेच करतो.

5. फक्त खालच्या सहा इंचांत सुटलाय. फरशी पुसताना लागणारं पाणी, नाहीतर बाथरूम. अशा दाराची खालची कड कधी रंगवलेलीच नसते. पाणी तिथूनच वर चढतं.

आता दोन सोप्या चाचण्या. दोन्ही मिळून दहा मिनिटं लागतात.

*स्पिरिटची चाचणी:* कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून दाराच्या कोपऱ्यात अर्धा मिनिट घासा. रंग मऊ होऊन बोळ्याला लागला तर तो पाण्यातला. काहीच लागलं नाही तर ऑइल पेंट समजा.

*टेपची चाचणी:* जिथे रंग चांगला वाटतोय तिथे ब्लेडने फुलीच्या आकाराची चीर द्या, लाकडापर्यंत. त्यावर रुंद चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि एका झटक्यात ओढा. फुलीच्या कडेने रंग सोबत आला तर दिसायला चांगला असलेला तो भागही कच्चा आहे. ही चाचणी गिऱ्हाइकाला विचारून, त्यांच्या समोरच करा. तुम्ही काय सांगताय ते त्यांना डोळ्यांनी दिसतं, आणि दर सांगताना घासाघीस निम्मी होते.

आधी ठरवा: थोडं काढायचं, सगळं काढायचं की काम नाकारायचं

माझा साधा नियम असा. सुटलेला भाग दाराच्या एक तृतीयांशापेक्षा कमी आणि बाकीचा टेपला टिकला, तर फक्त सुटलेलं खरवडायचं. त्याहून जास्त असेल किंवा टेपची चाचणी दोन-तीन ठिकाणी फसली, तर सगळा थर काढायचा. अर्धवट ठेवलेला कच्चा रंग उद्या तुमच्याच नावावर फुटतो.

आणि दार खालून फुगलं असेल, प्लायचे पापुद्रे सुटले असतील, अंगठ्याने दाबल्यावर दबत असेल, तर स्पष्ट सांगा: "ताई, हे रंगाचं काम नाही. सुताराला दाखवा किंवा दार बदला." नवीन उद्योजकाला आलेलं काम सोडणं जड जातं, मला कळतं. पण एका दारासाठी घेतलेली शिवी पूर्ण सोसायटीत फिरते. आणि खरं सांगणाऱ्याचं नावही तसंच फिरतं.

घरात लहान मुलं आहेत का? हे विचाराच

घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि जुन्या दारांवर असे चार-चार थर असतात. हा रंग कोरडा घासला की धूळ हवेत जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसं घातक आहे, गरोदर बायकांनाही धोका आहे, आणि रोज ही धूळ खाणारे तुम्ही स्वतः असता.

म्हणून जुन्या दाराचा नियम: वॉटर पेपर वापरून ओलं घासा, तोंडाला एन-95 मास्क लावा, खाली प्लॅस्टिक अंथरा. मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत. काम झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. पोपडे जाळायचे नाहीत, कुंडीत किंवा अंगणात टाकायचे नाहीत. पिशवीत बांधून घ्या. हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका, जेवणाचा.

काम कसं करायचं, क्रमाने

पहिली पायरी: दार मोकळं करा. हँडल, कडी, टॉवर बोल्ट काढा. स्क्रू पिशवीत घालून त्या दाराचं नाव लिहा. जमलं तर दार बिजागऱ्यांवरून उतरवून घोडीवर आडवं ठेवा. आडव्या दारावर रंग ओघळत नाही. दार आणि चौकटीतली फटही आत्ताच बघा. रुपयाचं नाणं जेमतेम जात असेल तर आधी ती कड घासून घ्या. पावसाळ्यात लाकूड फुगलं की नवा रंग चौकटीला घासून निघतो आणि गिऱ्हाईक त्यालाही पोपडेच म्हणतं.

दुसरी पायरी: धुवा. कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकून, हातमोजे घालून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. मग साध्या पाण्याने दोनदा. सोडा राहिला तर तोच उद्या त्रास देतो. पूर्ण सुकू द्या. कोकणात आणि मुंबईकडे पावसाळ्यात यालाच एक दिवस जातो, तो वेळ आधीच धरा.

तिसरी पायरी: खरवडा. पत्रा तिरका धरून सुटलेला रंग काढा. कुठे थांबायचं? रंग स्वतःहून सुटणं थांबेल तिथे. "इथपर्यंत पुरे" हे तुम्ही ठरवायचं नाही, रंग ठरवतो.

चौथी पायरी: कडा मोडा. ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. खरवडल्यावर जुन्या रंगाची एक पायरी तयार होते. 80 नंबरच्या पेपरने ती उतरती करा, मग 120 ने गुळगुळीत करा. डोळे मिटून बोट फिरवा. पायरी बोटाला लागली तर नवीन रंगाखालीही ती दिसणारच. त्यानंतर उरलेल्या सगळ्या दाराची चकाकी 180 किंवा 220 ने मारा. दार निस्तेज, दुधाळ दिसायला हवं. कुठे चकाकलं तर तिथे परत घासा.

पाचवी पायरी: धूळ काढा. कोरडं फडकं, मग टर्पेंटाइनने किंचित ओलं केलेलं फडकं. नक्षीच्या खाचांत जुना टूथब्रश चालवा.

सहावी पायरी: उघड्या लाकडाला प्रायमर. आधी प्रायमर, मग पुट्टी. हा क्रम उलटा केला तर कोरडं लाकूड पुट्टीतलं तेल शोषून घेतं आणि पुट्टीची भुकटी होते. प्रायमर रात्रभर सुकू द्या.

सातवी पायरी: पुट्टी, पातळ. खोल खड्डा एकदम भरायचा नाही. पातळ थर, सुकला की दुसरा. मग 180 ने घासून, धूळ पुसून, सगळ्या दाराला प्रायमरचा एक हात.

आठवी पायरी: रंगाचे दोन पातळ हात. जाड एक हात वरून सुकतो, आत ओला राहतो आणि सुरकुततो. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ द्या. पावसाळ्यात त्याहून जास्त. मध्ये 320 चा हलका पेपर मारा. फळ्यांचं दार असेल तर आधी आतले चौकोन, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या.

नववी पायरी: वरची आणि खालची कड. कोणी बघत नाही म्हणून कोणी रंगवत नाही. दार उतरवलं असेल तर इथेही प्रायमर आणि दोन हात द्या. उतरवलं नसेल तर खाली आरसा धरून बघा. बाथरूमच्या दाराचं आयुष्य या कडेवर ठरतं.

दहावी पायरी: दार लगेच बंद करू नका. वरून सुकलेला ऑइल पेंट आतून कच्चाच असतो. दोन दिवस दार अर्धवट उघडं ठेवायला सांगा. नाहीतर ते चौकटीला चिकटतं, आणि उघडताना नवा रंग ओढून काढतं.

आता पैशांचं बोलू

मध्यम खराब असलेल्या एका दाराला, चौकटीसह, माझा हाताचा वेळ साधारण असा जातो:

- कड्या काढणं, धुणं: 40 मिनिटं
- खरवडणं, कडा मोडणं: 90
- उघड्या लाकडाला प्रायमर: 15
- पुट्टी: 30
- घासणं, पुसणं: 40
- पूर्ण प्रायमर: 40
- रंगाचा पहिला हात: 45
- हलका पेपर: 15
- दुसरा हात: 45
- कड्या बसवणं, आवरणं: 30

एकूण 390 मिनिटं, म्हणजे साडेसहा तास. यातले रंग लावायचे फक्त दीड तास. बाकीचे पाच तास तयारी आणि आवराआवर. गिऱ्हाईक रंगाला पैसे देतंय असं त्याला वाटतं. तुम्हालाही तसंच वाटत असेल, तर धंदा तोट्यात जाणार.

सामान काढायची पद्धत: 7 बाय 3 फुटांचं दार म्हणजे एका बाजूचे 21, दोन्ही बाजूंचे 42 चौरस फूट. कडा 2, चौकट अंदाजे 14. झाले 58. दोन हातांचे 116. मी हिशेबाला लिटरला 100 चौरस फूट धरतो, म्हणजे एका दाराला एक लिटरपेक्षा थोडा जास्त रंग. प्रायमर, पुट्टी, पेपर, टर्पेंटाइन वेगळे.

उदाहरण म्हणून धरा, तुमच्या तासाची किंमत 150 रुपये. साडेसहा तासांचे 975. सामान 650. येणं-जाणं आणि हत्यारांची झीज 100. झाले 1,725. त्यावर 15 टक्के नफा आणि जोखीम, साधारण 260. दर आला 2,000 च्या घरात. आकडे तुमच्या गावाचे टाका, पद्धत हीच ठेवा.

आता शेजारचा पेंटर 1,200 म्हणतो. घाबरू नका, विचार करा: त्याने काय कमी केलं असेल? रंगाचा डबा त्याला फार स्वस्त मिळत नाही. कमी होऊ शकतं ते खरवडणं, घासणं आणि प्रायमर. हेच गिऱ्हाइकाला शांतपणे सांगा, त्याची निंदा न करता: "काका, त्यांच्या दरात खरवडणं आणि प्रायमर आहे का, एवढं विचारून बघा."

लेखी द्या, व्हॉट्सॲपवर का होईना

दारं पाहून आल्यावर त्याच संध्याकाळी फोटोंसह असा मेसेज पाठवा:

"नमस्कार ताई. आज 6 दारं पाहिली. 3 दारांचा जुना रंग घट्ट आहे, ती घासून, प्रायमर आणि रंगाचे 2 हात. 2 दारांचे पोपडे निघतायत, ती खरवडून, पुट्टी, प्रायमर आणि 2 हात. त्यांचा दर जास्त आहे, वेगळा लिहिलाय. बाथरूमचं दार खालून फुगलंय, ते रंगवून टिकणार नाही, म्हणून दरात धरलेलं नाही. दारं 2 दिवस बंद करू नयेत. 1 वर्षात पोपडे निघाले तर मोफत दुरुस्ती, पाण्याने खराब झालेलं सोडून. सामानासाठी 40 टक्के आगाऊ."

या एका मेसेजमध्ये काम, दर, मर्यादा आणि हमी सगळं आलं. सगळ्या दारांना एकच दर लावायची सवय सोडा. चांगल्या दाराच्या नफ्यातून खराब दाराचा तोटा भरत बसलात तर महिन्याच्या शेवटी हातात काहीच उरत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

काम मिळायची वाट बघू नका. स्वतःच्या घरातलं सगळ्यात खराब दार निवडा. पोपड्याची पाठ बघा, टेपची चाचणी करा, आणि वरच्या दहा पायऱ्या घड्याळ लावून करा. प्रत्येक पायरीचे मिनिट वहीत लिहा. तुमचे आकडे माझ्यापेक्षा वेगळे येतील, आणि तेच बरोबर आहेत, कारण तुमचा दर त्यावरच काढायचाय. आधीचे आणि नंतरचे फोटो जपून ठेवा. पहिल्या गिऱ्हाइकाला दाखवायला दुसरं काही लागत नाही.

सहा महिन्यांनी त्याच दाराला परत चिकटपट्टी लावून ओढा. रंग जागेवर राहिला, तर बिनधास्त हमी द्या.

तुमचे मिनिटांचे आकडे खाली नक्की लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत.